शत्रूचं वाक्य

स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' या १९९८ सालच्या चित्रपटात माझ्या शहराचं नाव येतं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर काटेरी तारांपुढे अडकलेले अमेरिकन सैनिक 'बँगलोर' मागवतात. बँगलोर म्हणजे स्फोटकं भरलेल्या नळ्या. एकीला एक जोडत त्या तारांखाली सरकवायच्या, उडवायच्या आणि पडलेल्या वाटेतून पुढे घुसायचं. १९१२ साली मद्रास सॅपर्समधल्या कॅप्टन मॅक्लिंटॉकनं हे साधन इथे बंगळूरला तयार केलं, म्हणून हे नाव. त्या दलाचं केंद्र आजही अलसूर तलावाजवळ आहे. माझी बस त्याच्या भिंतीला लागून जाते.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा याची गंमत वाटली होती. अनुवादाच्या धंद्यात पडल्यावर तोच चित्रपट पुन्हा पाहिला, तेव्हा त्याच किनाऱ्यावरचा आणखी एक छोटा प्रसंग खुपला. खंदकातून दोन सैनिक हात वर करून बाहेर येतात आणि काकुळतीला येऊन काहीतरी सांगतात. समोरचे अमेरिकन त्यांना गोळ्या घालतात आणि वर त्यांच्या बोलण्याची टवाळी करतात. पडद्यावर सबटायटल येत नाही. ते दोघे जर्मन बोलतच नव्हते, चेक बोलत होते. आम्ही जर्मन नाही, आम्ही कुणाला मारलेलं नाही, असं ते सांगत होते. मला चेक येत नाही. हा अर्थ मला नंतर वाचून कळला. ज्या प्रेक्षकाला चेक येतं, त्या एकट्यालाच त्या क्षणी कळतं की आपल्या डोळ्यांदेखत खून झाला.

याच चित्रपटात एक दुभाषा आहे. कॉर्पोरल अपहम. त्याला फ्रेंच आणि जर्मन येतं म्हणून त्याला तुकडीत घेतात, तेव्हा तो आधी टाइपरायटर उचलायला जातो. युद्धपटांच्या चाहत्यांमध्ये अपहम हा भित्र्या माणसाचा नमुना म्हणून बदनाम आहे. पकडलेल्या एका जर्मन सैनिकाशी तो बोलतो, त्याला मारू नका म्हणून भांडतो, त्याचा जीव वाचवतो. शेवटी तोच जर्मन पुन्हा समोर येतो, हात वर करून अपहमला नावानं हाक मारतो, आणि अपहम त्याला गोळी घालतो. पूर्ण चित्रपटात शत्रूची भाषा समजणारा हा जवळजवळ एकटाच अमेरिकन. तोही अखेर भाषा खाली ठेवून बंदूक उचलतो.

मला अपहमची लाज वाटत नाही. तो माझ्याच धंद्यातला आहे. म्हणून त्याच्या बाजूनं एक साधं म्हणणं मांडते. युद्धपट चांगला की वाईट हे त्यातल्या स्फोटांवरून, वर्दीच्या अचूकपणावरून किंवा किती प्रेक्षक रडले यावरून ठरवू नये. शत्रूला त्यात एक तरी पूर्ण वाक्य मिळालं आहे का, ते पाहावं. धमकी नको, शिवी नको, अट्टहास नको. कर्ता, कर्म आणि क्रियापद असलेलं, एका माणसानं दुसऱ्या माणसाला सांगितलेलं वाक्य हवं. या कसोटीवर आपले जुने युद्धपट जेमतेम पास होतात, आणि नवे बहुतेक नापास. त्यातही मराठी माणसाचे नवे युद्धपट, म्हणजे ज्यांना आपण ऐतिहासिक चित्रपट म्हणतो ते, जितक्या दिमाखात नापास होतात तितकं दुसरं कुणी होत नसेल.

हे मी लांबून बोलत नाही. मी कन्नड आणि इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. पुस्तकांचे पैसे यायचे तेव्हा येतात, म्हणून अधूनमधून सबटायटलचं काम घेते. काही वर्षांपूर्वी एका हिंदी युद्धपटाची संहिता माझ्याकडे आली. पहिल्या प्रतीत शत्रूचा एक अधिकारी हल्ल्याच्या आधी घरी फोन करून विचारतो, पोराचा ताप उतरला का. एकच ओळ. आठवड्यानं दुसरी प्रत आली, त्यात ती ओळ गेली होती आणि त्या जागी लिहिलं होतं, 'शत्रू अधिकारी सैनिकांवर ओरडतो, सबटायटल नको.' मी फोन करून कारण विचारलं. पलीकडचा तरुण फार सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, त्यानं ऑडियन्स कन्फ्यूज होतं." मी काम पूर्ण केलं, पैसे घेतले. अपहमनं काय वेगळं केलं?

त्या तरुणाचं बरोबर होतं. ऑडियन्स गोंधळलंच असतं. ज्याच्या पोराला ताप आहे तो मेला म्हणून शिट्टी मारताना तोंड थोडं आखडतं. युद्धपटानं करायचं काम तेच आहे, असं मला वाटतं. ते टाळायचं असेल तर मिरवणूक काढावी. मिरवणूक वाईट नसते, पण तिला युद्धपट म्हणू नये.

इथे कुणी म्हणेल, ही बाई आता जुनं ते सोनं म्हणणार. नाही म्हणणार. मी कोल्हापुरात वाढले. युद्धपट आमच्या गावचं पीक आहे. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सिंहगड' १९२३ साली तिथेच केला. रात्रीची लढाई दाखवण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि शेलारमामाच्या भूमिकेत होते तरुण व्ही. शांताराम. पुढे भालजी पेंढारकरांनी 'छत्रपती शिवाजी' (१९५२), 'पावनखिंड' (१९५६), 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) केले. आमच्या पिढीनं ते दूरदर्शनवर घरातल्या सगळ्यांबरोबर चटईवर बसून पाहिले. त्यांतल्या माणसांच्या बोलण्याला मातीचा वास होता, हे खरं. पण शत्रूच्या बाबतीत ते फार उदार होते असं म्हणणं खोटं ठरेल. 'सिंहगड' ज्या कादंबरीवर आधारलेला होता त्या हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला'मध्येही उदेभान हा कामांध खलपुरुषच आहे.

तरी उदेभानाकडे जरा थांबून पाहा. १६७० साली कोंढाण्यावर मोगलांच्या वतीनं किल्लेदार होता तो एक राठोड रजपूत. म्हणजे तानाजी मालुसऱ्यांसमोर उभा असलेला शत्रू हिंदू होता, त्याची घरची भाषा राजस्थानातली होती, आणि तो हजार मैलांवरून येऊन दुसऱ्याच्या गडावर तिसऱ्याची चाकरी करत होता. त्यानं मावळच्या थंडीत रात्री कुणाशी काय बोलावं? एखाद्या लेखकाला यातून एक अख्खं नाटक मिळेल. २०२० साली आलेल्या 'तान्हाजी'मध्ये त्याला काय मिळालं? मगर भाजून खाणं. आपट्यांच्या उदेभानाला निदान वासना तरी माणसाची होती. शंभर वर्षांत शत्रू खलपुरुषापासून श्वापदापर्यंत येऊन पोचला आहे.

आता गेल्या काही वर्षांतल्या मराठी युद्धपटांची नावं वाचू. 'फर्जंद' (२०१८). 'फत्तेशिकस्त' (२०१९). 'शेर शिवराज' (२०२२). 'सरसेनापती हंबीरराव' (२०२२). 'सुभेदार' (२०२३). मी तौलनिक साहित्यात एम.ए. केलं, त्याचा घरखर्चाला फारसा उपयोग झाला नाही, पण ही यादी वाचून हसू येण्याइतपत झाला. फर्जंद हा फारसी शब्द, अर्थ मूल, पुत्र. फत्ते अरबी, शिकस्त फारसी. शेर फारसी. सरसेनापतीमधला 'सर' फारसी. सुभेदार अरबी-फारसी. कोंडाजी फर्जंदांना आणि सुभेदार तानाजींना या शब्दांचा अभिमानच असणार, आणि का नसावा? मोहीम, फौज, लष्कर, तोफखाना, शिलेदार, बारगीर, हवालदार, किल्ला हे सगळे शब्द वगळून मराठीत एक लढाई सांगून दाखवा. नाही सांगता येणार. मराठी माणसाच्या पराक्रमाची अर्धी शब्दसंपत्ती ज्या भाषेतून आली, ती भाषा पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापायची, आणि आत पडद्यावर ती ज्याच्या तोंडी द्यायची त्याला फक्त 'गुस्ताख' म्हणून गुरगुरायला लावायचं, हा आमचा सध्याचा व्यवहार आहे.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं. महाराजांनीच तर 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला आणि फारसी हटवली! करून घेतला, खरं आहे. रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली १६७७ च्या सुमारास तो झाला. पण तो कोश कसा आहे ते पाहा. त्यात चालू यावनी शब्द आहेत आणि त्यांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. दोन्ही भाषा नीट येणाऱ्या माणसांशिवाय असा कोश होत नाही. पर्याय शोधण्यासाठी आधी शब्दाचा अर्थ लावावा लागतो. आपले आजचे युद्धपट प्रतिशब्द देत नाहीत, त्यांना मूळ शब्दच ऐकायचा नसतो.

हे सगळं मला बंगळूरमध्ये बसून जास्त टोचतं, त्याला कारण आहे. हे शहर मराठी इतिहासातलं एक विसरलेलं ठिकाण आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेनं ते केंपेगौडांच्या वंशजाकडून घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागीर मिळालं. शहाजीराजे इथे आदिलशहाचे सरदार म्हणून राहत होते. आजचे युद्धपट ज्या दरबाराला सरसकट 'दुश्मन' म्हणतात, त्याच्या चाकरीत. शिवाजीराजेही लहानपणी काही काळ इथे राहून गेले. शहाजीराजांच्या या दरबारात जयराम पिंड्ये नावाचा कवी होता. त्याचं 'राधामाधवविलासचंपू' वि. का. राजवाड्यांनी मोठी प्रस्तावना लिहून १९२२ साली छापलं. त्यात राजांची स्तुती एका भाषेत नाही, बारा भाषांत आहे. संस्कृत आहे, मराठी आहे, कानडी आहे, यावनी आहे. आणि जिला कवी 'दाक्षिणात्य यावनी' म्हणतो ती, म्हणजे आपली दखनीसुद्धा आहे.

दखनी मला रोज ऐकू येते. रसेल मार्केटच्या बाजूला जा, ती फळवाल्यांच्या तोंडी आहे. त्या भागाचं नाव शिवाजीनगर. तिच्यातला 'नक्को' आपला 'नको' आहे आणि शब्दाच्या शेपटाला चिकटणारा 'इच' आपला 'च' आहे. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या घरी हीच भाषा. दोघी शाळेच्या बसपासून जिवलग. गेल्या वर्षी एका गाजलेल्या ऐतिहासिक युद्धपटाला मी दोघींना घेऊन गेले. नेताना मला काहीच वाटलं नव्हतं, हे माझं चुकलंच. मध्यंतरापर्यंत दोघी मजेत होत्या. ती मुलगी तर आमच्या बाजूचे जिंकले की टाळ्या वाजवत होती. नंतर एक लांबलचक छळाचा प्रसंग आला. पडद्यावरचा माणूस जे बोलत होता त्यातले नातेवाइकांचे शब्द, पाण्याचे शब्द, देवाचे शब्द तिच्या आजीच्या तोंडातले होते. मागच्या रांगेतून कुणीतरी उठून घोषणा दिली. मग आणखी काहींनी. त्यात एक शिवी होती, आणि ती पडद्यावरच्या कुणाला नव्हती.

ती मुलगी काही बोलली नाही. परत येताना रिक्षात तिच्या घरून फोन आला. एरवी ती आजीशी मोठमोठ्यानं बोलते, त्या दिवशी इंग्रजीत हळू बोलली. आजीला इंग्रजी येत नाही. "आंटी, हम थोड़ा जल्दी पहुँचेंगे क्या?" एवढंच तिनं मला विचारलं, तेही शुद्ध, पुस्तकी हिंदीत. नक्को नाही, इच नाही. बारा भाषांतली एक भाषा तिनं त्या दिवशी तेरा-चौदाव्या वर्षी रिक्षाच्या सीटखाली ठेवून दिली. शिवाजी महाराजांच्या वडिलांची ज्या भाषेत स्तुती झाली, ती भाषा त्यांच्या पराक्रमाचा चित्रपट पाहून आलेल्या मुलीला बोलायची चोरी झाली. मी हा लेख का लिहिते आहे, असं कुणी विचारलं तर उत्तर एवढंच आहे.

आता आक्षेप घेऊ, कारण ते मला माझ्याच घरात ऐकावे लागतात.

पहिला आक्षेप, 'अगं, सिनेमाच आहे तो.' असेल. पण २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' आला, आणि मार्चमध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात असीरगडाजवळ लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणू लागले, कारण मोगलांचं सोनं तिथे पुरलं आहे असं त्यांना वाटलं. त्याच महिन्यात नागपुरात औरंगजेबाच्या कबरीवरून दंगल उसळली, आणि मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत बोलताना या चित्रपटानं भडकलेल्या भावनांचा उल्लेख केला. दंगल चित्रपटानं केली असं मी म्हणत नाही. दंगली माणसं करतात. पण 'सिनेमाच आहे' हे वाक्य मात्र आता कुणी वापरू नये. शिवाय त्या चित्रपटाचा नायक पाहा. संभाजीराजांनी संस्कृतात 'बुधभूषण' लिहिलं. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ साली त्यांच्याच आश्रयाला आला. एक बहुभाषी मराठा राजा आणि एक पळालेला मोगल शहजादा, दोघेही बापाच्या मोठ्या सावलीतले. त्या दोघांना पावसाळी कोकणात एकमेकांशी बोलताना दाखवायला किती तोफा लागल्या असत्या? एकही नाही. अकबर त्या चित्रपटात आहे. पण प्रेक्षक घरी घेऊन जातात ते शेवटचे साखळदंड.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'सीमेवर माणसं मरतात. त्यांच्या आईबापांसमोर तू शत्रूच्या वाक्याची वकिली करणार?' याचं उत्तर मी स्वतः देत नाही, एका बापाकडून घेते. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल एकविसाव्या वर्षी रणगाड्यात मारले गेले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. २००१ साली त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, आपलं जन्मगाव सरगोधा पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले त्या ब्रिगेडियर नासर यांनी परतायच्या आधी त्यांना सांगितलं, तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. आणि त्याच्या शौर्याबद्दल आदरानं बोलले. दोन म्हातारे सैनिक, मध्ये दुभाषा लागला नाही. पुत्र गमावलेल्या माणसानं शत्रूचं ते वाक्य ऐकून घेतलं. ते ऐकायची ताकद आपल्यात नाही म्हणायचं, आणि वर देशभक्ती आपलीच जास्त म्हणायचं? श्रीराम राघवन यांनी याच गोष्टीवर 'इक्कीस' केला आणि त्यात वडिलांच्या भूमिकेत धर्मेंद्र आहेत. १९६४ च्या 'हक़ीक़त'मध्ये लडाखच्या बर्फात लढणारे तेच धर्मेंद्र. म्हणजे नव्यांनाही जमतं, ठरवलं तर.

'हक़ीक़त'चं नाव निघालं म्हणून सांगते. चेतन आनंद यांच्या त्या चित्रपटातले चिनी सैनिक जवळजवळ बिनचेहऱ्याचे आहेत, आणि लडाखी मुलगी प्रिया राजवंश यांच्या तोंडून स्वच्छ हिंदी बोलते. माझ्या कसोटीवर तो चित्रपट काठावर पास होतो, कारण तो पराभवाचा चित्रपट आहे आणि पराभवात फुशारकीला जागा नसते. त्याआधी अठरा वर्षं, १९४६ साली, शांतारामांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' केला होता. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, तिथल्या गुओ छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मराठी दिग्दर्शकानं केलेल्या युद्धपटांत मला हा सर्वात मोठा वाटतो, आणि त्याचा नायक कुणालाही मारत नाही. अर्थात जपानी तिथे खलनायकच आहेत, आणि चिनी पात्रं हिंदीच बोलतात. पण १९४६ साली पडद्यावर जे 'भाऊ' होते ते १९६४ साली 'शत्रू' झाले. शत्रू ही कायमची जात नव्हे, एवढं हे दोन चित्रपट लागोपाठ पाहणाऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

जे. पी. दत्तांचा 'बॉर्डर' (१९९७) मी सतरा वर्षांची असताना कोल्हापुरात पाहिला. लोंगेवालाची रात्र, थिएटरात शिट्ट्या, मीही खुर्चीवरून उठले होते. त्याचं मला आजही काही वाटत नाही. आणि त्या गदारोळानंतर शेवटी जावेद अख्तरांचं एक गाणं येतं, शत्रूला भाऊ म्हणणारं. पडद्यावर प्रेतं, जळालेली घरं. लोक तोवर चपला शोधत उठलेले असत. तीन तास शत्रूला बोलू न देता शेवटच्या पाच मिनिटांत त्याला भाऊ म्हणणं हे थोडं स्वस्त आहे, असं मला पुढे वाटलं. आज मात्र मी ते गाणं मोठ्या मनाचं मानते, कारण नंतरच्या चित्रपटांत तीही पाच मिनिटं उरली नाहीत.

तिसरा आक्षेप, 'हे सगळं युरोपीय सिनेमा पाहणाऱ्यांचं दुखणं.' ठीक आहे, युरोपातलाही एक पाहू. जाँ रन्वारचा 'ला ग्रांद इल्युझिओं' (१९३७). पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी आणि त्यांना राखणारे जर्मन. त्यात एकमेकांचे शत्रू असलेले दोन खानदानी अधिकारी आपसात मधूनच इंग्रजीत बोलू लागतात, आजूबाजूच्या साध्या सैनिकांना कळू नये म्हणून. त्यातला फ्रेंच अधिकारी आई आणि बायको दोघींनाही अहो-जाहो करतो. आणि शेवटी पळालेला एक साधा फ्रेंच गडी एका जर्मन विधवेच्या शेतघरात लपतो, तेव्हा दोघं एकमेकांचे चार-दोन शब्द शिकतात. देशाची सीमा एक, वर्गाची दुसरी आणि भाषेची तिसरी, आणि तिन्ही कुठेच एकावर एक बसत नाहीत. हे नाझींना अजिबात सोसलं नाही. त्यांनी त्यावर बंदी घातली. तोफा दाखवल्या म्हणून नव्हे, तोफा तर त्यात फारशा नाहीतच. अलीकडचंही उदाहरण आहे. क्लिंट ईस्टवुडनं २००६ साली इवो जिमाच्या एकाच लढाईवर दोन चित्रपट केले, एक अमेरिकनांच्या बाजूनं आणि दुसरा, 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा', जवळपास पूर्ण जपानी भाषेत. अमेरिकन प्रेक्षकाला आपल्या शत्रूचं बोलणं सबटायटल वाचून समजून घ्यावं लागलं. कोंढाण्यावर असे दोन चित्रपट करायची छाती मराठीत कुणाची आहे?

पण हे दुखणं युरोपातून आलेलं नाही, आणि ते मला शेवटी सांगायचं आहे. मराठी भाषेतला पहिला मोठा अनुवाद हा एका युद्धकथेतल्या संवादाचा आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली. ती गीता सुरू कुठून होते? पांडवांच्या छावणीतून नाही. ती सुरू होते शत्रूच्या घरातून. आंधळा धृतराष्ट्र विचारतो, तिथे रणांगणावर काय चाललं आहे? आणि त्याच्याजवळ बसलेला संजय दूरचं बोलणं ऐकून त्याला सांगतो. संजय हा आम्हा सबटायटलवाल्यांचा मूळपुरुष. त्यानंतर पहिला बोलतो तो दुर्योधन, आणि तो आधी समोरच्या सैन्यातल्या शूरांची नावं घेतो, मग आपल्यातल्यांची. अर्जुन, कृष्ण, धर्म, कर्म हे सगळं नंतर. वारकऱ्यांच्या घरोघर सातशेहून अधिक वर्षं जे पारायण चाललं आहे, त्याचा पहिला प्रश्न शत्रूच्या बापानं विचारलेला आहे, आणि त्यामुळे कुणाची भक्ती कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून मराठी युद्धपट करणाऱ्यांकडे माझी मागणी मोठी नाही. तुमचे गड तुमचेच राहोत, तलवारी तुमच्याच राहोत, महाराजांच्या प्रवेशाला शिट्ट्याही पडू देत. मीही मारीन. फक्त पुढच्या संहितेत समोरच्या माणसाला एक वाक्य द्या. त्याच्या भाषेत द्या, आणि खाली त्याचं मराठी द्या. अनुवाद मी फुकट करून देईन, हे इथे छापून देते आहे. पोराचा ताप उतरला का, एवढं विचारू द्या त्याला. आणि चित्रपट लागला की कळवा. मला दोन मुलींना घेऊन यायचं आहे, आणि त्यातल्या एकीला परतताना रिक्षात आजीशी मोठ्यानं बोलायचं आहे.